आडवा चमचा

१

माझा नवरा म्हणतो, शुकूफेला स्वर्गात जागा मिळाली तर ती आधी तिथल्या गादीखाली हात घालून बघेल. बघेनच. तुर्कस्तानातल्या साफ्रानबोलूच्या जुन्या वस्तीत घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या म्हणजे नुसतं गोड बोलून भागत नाही. एकट्यासाठी खोली घेऊन मागाहून बाई आणणारे, उशांच्या खोळी पिशवीत कोंबून नेणारे, छताच्या कोरीवकामाचा तुकडा आठवण म्हणून उचकटणारे, सगळे नमुने मी पाहिलेत. मी संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आमच्या घरात पाहुण्यांना सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते भिंतीतल्या फिरत्या कपाटाचं. स्वयंपाकघर आणि मोठी खोली यांच्या मधल्या भिंतीत ते बसवलेलं आहे. उभं पिंप असावं तसं लाकडी, एका बाजूने उघडं, आत फळ्या, बाकी सगळीकडून बंद. घरातल्या बायका परक्या पुरुषांसमोर येत नसत तेव्हाची ही सोय. फळीवर ताट ठेवायचं, लाकडावर दोनदा टकटक करायची आणि कपाट फिरवायचं. ताट पलीकडे जातं, वाढणारीचं बोटही दिसत नाही. भिंत हातभर जाड आहे, त्यामुळे अर्ध्या फेऱ्यात फळी ना इकडे असते ना तिकडे. माझी मुलगी नेर्मिन लहानपणी विचारायची, "आई, आत्ता ताट कुणाकडे आहे?" मी म्हणायची, "भिंतीकडे."

चहाचे आमच्याकडे दोन नियम. पाहुण्याचा ग्लास रिकामा दिसला की विचारायचं नाही, भरायचा. पुरे झालं की पाहुणा चमचा ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवतो. तोवर ओतत राहायचं. हा नियम सगळ्या मुलखाचा. दुसरा माझ्या सासूबाईंचा होता : ज्याने ओतला, पाहुणा त्याचा. पहिला चहा ज्याच्या हातचा, त्याने त्या माणसाचं शेवटपर्यंत बघायचं. या नियमाच्या भीतीने माझा नवरा रिफ्की लग्नापासून किटलीला हात लावत नाही.

त्या वर्षी केशर फुलायच्या दिवसांत मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. नेर्मिन अंकाऱ्याहून येणार होती, आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन. दोनदा पोटातच गमावल्यावर झालेली ही मुलगी. नाव दुरू. बाळंतिणीने आणि बाळाने चाळीस दिवस एकटं राहायचं नसतं, म्हणून ते दिवस माझ्याकडे काढायचे ठरलं होतं. थंडीत ऊब धरणारी खोली एकच, फिरत्या कपाटाची, कारण शेगडी तिथे आहे. ती येईपर्यंत आठवडाभर खोली रिकामी होती. तेवढ्यात नुझेत बे, म्हणजे नुझेतराव, आला.

साठीचा, उंच, रेल्वेतून निवृत्त झालेला, बालिकेसिरकडचा. एकच बॅग. त्याने आधी विचारलं, "तुमच्याकडे भिंतीत फिरतं कपाट आहे म्हणे. चालू आहे ना? नुसतं शोभेचं नाही ना?"

"तुम्ही राहायला आलात की सुतारकामाला?" मी म्हणाले.

तो ओशाळून हसला आणि आत आला. आत आल्यावरही त्याने दार लोटलं नाही. हाताने धरून जरा कडेला सरकून उभा राहिला, मागून कुणी म्हातारं माणूस सावकाश येत असेल तसा. गल्लीत एक मांजर सोडून कुणी नव्हतं. मग त्याने दार हळूच लावून घेतलं.

इथेच पाणी मुरतंय, मी मनात म्हणाले.

२

सकाळी त्याने ओसरीवर सगळ्यांबरोबर न्याहारीला यायचं टाळलं. कपाटातूनच द्या म्हणाला. मी तबकात पाव, ऑलिव्ह, चीज, मध आणि एक ग्लास चहा ठेवला, टकटक केली, कपाट फिरवलं. थोड्या वेळाने पलीकडून टकटक झाली आणि कपाट माझ्याकडे वळलं.

तबकात दोन ग्लास होते. दोन्ही रिकामे. चमचे दोन्हींत उभे.

माझ्या हाताने किटली उचलली, दोन्ही ग्लास भरले, कपाट ढकललं. मी ओट्याकडे वळले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी एकच ग्लास पाठवला होता. आणि दुसरा ग्लास माझा नव्हताच. कमरेला जास्तच बारीक, सोनेरी कड झिजून गेलेली. असले ग्लास आताशा कुणाच्या घरात नसतात. पण आयुष्यभर ज्या हाताने रिकामा ग्लास भरला, तो हात विचार करायला थांबत नाही.

नुझेत बे बाहेर जायला निघाला तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला.

"शुकूफे हानम, चहा तुम्हीच ओतलात?"

"मग काय कपाटाने ओतला?"

"दोन्ही?"

"दोन्ही. आता तुम्हीच सांगा, दोन कशाला लागले."

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "हात शाबूत राहोत तुमचे." त्याचे डोळे भरून आले होते. ग्लासभर चहासाठी कुणी रडतं का?

रिफ्कीची बाजारात तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावायचं दुकान आहे. दुपारी तो जेवायला आला तेव्हा मी सांगितलं, या माणसाने आत बाई लपवली आहे.

"कुठे लपवली? बॅगेत?"

"दार धरून उभा होता तो. कुणाला तरी आत घेतलंन."

"आणि तू, जी मुंगीला पण कुठून आलीस म्हणून विचारतेस, तुला दिसली नाही?" रिफ्कीने सूप ओरपलं. "शुकूफे, त्याला दोन ग्लास चहा लागतो. आपल्या जावयाला सात लागतात. त्याच्या बॅगेत किती बायका आहेत?"

३

दुसऱ्या दिवशी नुझेत बे केशराचे वाफे बघायला जातो म्हणून सांगून गेला. आदल्या दिवशीही तेच सांगून गेला होता, पण केशराच्या मातीत फिरलेल्या माणसाचे जोडे लालसर होतात आणि याचे लख्ख होते. मी मागचं दार आतून अडसर घालून बंद केलं, पुढच्याला कडी लावली आणि त्याच्या खोलीत शिरले. चादरी बदलायच्या होत्याच.

पलंगावर एकाच माणसाची झोप होती. मी उशी हुंगली. बाईचा केस नाही, अत्तर नाही. भिंतीतल्या लाकडी कपाटांची दारं एकेक करून उघडली. एकात गाद्या. एकात त्याचा कोट. तिसऱ्यात जुनी न्हाणी, म्हणजे कपाटाएवढीच मोरी, तिथे उभं राहून एक माणूस अंघोळ करू शकतं. ती कोरडी होती. बॅगेत दोन सदरे, औषधं आणि एक फोटो. फोटोत नुझेत बे, एक हसरी बाई, एक तरुण मुलगा आणि एक शाळकरी मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टेबलावर पाच ग्लास होते.

फोटो काढणाऱ्याचा असेल, मी स्वतःला म्हणाले. काढणारा पण चहा पितोच की.

खिडकीखाली लांब बैठक आहे. तिच्या एका टोकाला, फिरत्या कपाटाजवळ, गादी खोलगट दाबली गेली होती. मी तिच्यावर थापटलं. कापूस वर आला नाही. मी पुन्हा थापटलं. मग माझ्या मागे लाकडावर टकटक झाली. दोनदा.

स्वयंपाकघरातून.

रिफ्की लवकर आला असेल, मला एवढंच वाटलं. कपाट सावकाश फिरलं. त्याची वंगण न घातलेली किरकिर मी रोज ऐकते, पण नेहमी मी फिरवणारी असते. फळी माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्यावर तो कड झिजलेला ग्लास होता. रिकामा. चमचा आत उभा.

"रिफ्की?" मी हाक मारली. "चेष्टा पुरे."

मी धावत ओसरी ओलांडून स्वयंपाकघरात गेले. अडसर जागच्या जागी होता. पुढची कडी मी स्वतः लावलेली तशीच. चुलीवर किटली उकळत होती. किटलीशेजारी मी कालच धुऊन पालथा घातलेला, त्याला पाठवलेला माझा तो एकच ग्लास होता.

माणसाने अशा वेळी काय करावं? मी सांगते मी काय केलं. मी कपाट माझ्याकडे फिरवून घेतलं आणि ग्लास भरला. तो रिकामा होता ना.

४

संध्याकाळी मी नुझेत बेला ओसरीवर गाठलं. रिफ्की अजून आला नव्हता.

"रविवारच्या आधी खोली सोडावी लागेल," मी म्हणाले. "माझी मुलगी येतेय."

"अवश्य, शुकूफे हानम. मी उद्याच निघणार आहे. माझं काम झालं." दोन दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मोठ्या आजारातून उठल्यासारखा दिसत होता. "मुलगी सुट्टीला येतेय?"

"बाळाला घेऊन येतेय. चाळीस दिवस राहील."

तो खांबाला धरून उभा राहिला. "बाळ?" म्हणाला. "तुम्ही आधी का नाही बोललात? मला वाटलं, तुम्ही दोघंच आहात घरात. दोन वयस्कर माणसं. मी चौकशी केली होती."

"आमच्या घरात किती माणसं आहेत याची चौकशी तुम्ही कशाला केलीत?" माझा आवाज चढला. "आणि तो दुसरा ग्लास कुणाचा? खोलीत कोण आहे?"

तो तिथेच पायरीवर टेकला.

"आम्ही चौघं होतो घरात," तो म्हणाला. "आता मी एकटा चहा पितो. मी काही सांगायला लागलो तर तुम्ही मला वेडा म्हणाल, त्यामुळे एवढंच ऐका. मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तो ग्लास आला तर चहा तुम्हीच ओता. फक्त तुम्ही. दुसऱ्या कुणाला ओतू देऊ नका."

"आणि नाही ओतला तर?"

"मग तो दुसऱ्या कुणाकडे मागेल."

मला त्या क्षणी त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. तान्ह्या बाळाचं नाव निघालं की असलं काहीतरी अभद्र बोलणारी माणसं असतात. मी म्हणाले, "उद्या कशाला? आत्ताच निघा." तो निघाला. मी त्याच्यामागे पाणीसुद्धा ओतलं नाही. आमच्याकडे निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओततात, पाण्यासारखा जा आणि पाण्यासारखा परत ये म्हणून. हा परत नाही आला तरी चालणार होतं. बाहेर पडल्यावर त्याने दार एका झटक्यात ओढून घेतलं आणि उताराच्या फरसबंदीवरून जवळजवळ पळत गेला, एकदाही मागे न बघता.

५

खोली मी सोडा घालून घासली. गादी उन्हात टाकली, तरी ती एका टोकाला दबलेलीच राहिली. शनिवारी सकाळी मी एकटी होते आणि मोठ्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. मी मुद्दाम जाऊन बघून आले होते. मी ओट्याशी पीठ मळत होते तेव्हा पलीकडून टकटक झाली, कपाट फिरलं आणि तो ग्लास समोर आला.

मी पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिले. मग चमचा बाहेर काढला आणि ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवला. पुरे. तुमचं झालं. मी कपाट फिरवलं.

लगेच टकटक झाली. चमचा पुन्हा ग्लासात उभा होता. कुणी रागाने टाकलेला नव्हता. नीट, अलगद ठेवलेला होता. यजमानीण चुकली तर समजूतदार पाहुणा काही न बोलता चूक सुधारतो, तसा.

मी तो भरला. दुसरं काय करणार? पण रिफ्की घरी आल्याबरोबर त्याच्या हातात हातोडी दिली. "कपाटावर फळ्या ठोक. दोन्ही बाजूंनी."

"का?"

"बाळाला वारा लागेल."

"कपाटातून वारा?" त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "शुकूफे, तू झोपत नाहीस वाटतं हल्ली." तरी त्याने ठोकल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या हुकमांची कारणं विचारायची नाहीत एवढं तो शिकला आहे.

नेर्मिन आली. दुरूला माझ्या हातात दिलं तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही. इतकीशी, कपाळावर जावळ, झोपेत ओठ दुमडणारी. या लेकराला काही झालं तर मी जगणार नाही, हे मला तिथे दारातच स्वच्छ कळलं. मी दोघींना रस्त्याकडच्या खोलीत ठेवलं. तिथे विजेचा हीटर लावला. नेर्मिन कुरकुरली, रिफ्की धुसफुसला, पण मी हटले नाही. कपाटाच्या फळ्यांमागून टकटक व्हायची. मी भांडी जोरात आपटायची. चार दिवस मी ओतलं नाही.

पाचव्या दिवशी बर्फ पडलं आणि गल्लीतली वीज गेली. मी त्या वेळी शेजारच्या मुनेव्हेरकडे दूध आणायला गेले होते. तिच्या सुनेने बसवून घेतलं. परत आले तेव्हा घरात भाजलेल्या पावाचा वास येत होता आणि मोठ्या खोलीतून नेर्मिनचं हसणं ऐकू येत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. ठोकलेल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. रिफ्की खिळे डबीत भरत होता.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "त्या खोलीत लेकरू गारठलं असतं. शेगडी पेटवली, त्यांना इकडे आणलं. आणि जेवण गरम जावं म्हणून कपाट मोकळं केलं. चूक केली?"

चूक त्याने केलीच नव्हती. कुठल्याही बापाने हेच केलं असतं.

"आई, आलीस का?" नेर्मिन भिंतीपलीकडून म्हणाली. शेगडीवर तिने तिथेच किटली ठेवली होती. "अगं, हा कुणाचा जुना ग्लास कपाटात ठेवलायस? छान आहे. रिकामा आला म्हणून मी भरून परत पाठवला. बाबा म्हणतात, त्यांनी नाही पाठवला. तू तर बाहेर होतीस. मग प्यायलं कोण?"

माझ्या हातातलं दूध जमिनीवर सांडलं. ज्याने ओतला, पाहुणा त्याचा.

६

तेव्हापासून मी स्वयंपाकघर सोडलं नाही.

नेर्मिनच्या खोलीतली किटली मी काढून घेतली. चहाला हात लावलास तर याद राख, म्हणाले. तिला वाटलं, बाळंतिणीची काळजी. ग्लास यायचा आणि मी भरायची. टकटक व्हायच्या आतच मी कपाट फिरवून बघायची, म्हणजे पलीकडे तिला दिसायलाच नको. एकदा चुकून भरला गेलाय तिच्या हातून, त्याने काय होतंय? मी पन्नासदा भरीन. मी चांगला चहा द्यायची. केशर घातलेल्या मिठाईचा तुकडा बशीत ठेवायची. माझ्याकडेच राहा, मी मनात म्हणायची. इथे ऊब आहे. इथे चहा कधी संपत नाही. मी म्हातारी आहे, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

"दुरू किती गुणी आहे बघ," नेर्मिन म्हणायची. "कितीही रडत असू दे, कपाट फिरलं की गप्प होते. आणि त्या बैठकीच्या टोकाकडे बघत राहते."

"तान्ह्या मुलांना त्या वयात काही दिसत नाही," मी म्हणायची. खरं तर मला हे नक्की माहीत नव्हतं.

मी संशय घेण्यात जन्म घालवला, त्यामुळे शेवटी स्वतःवरही घेतला. माझंच डोकं फिरलं असेल तर? तो ग्लास मीच कुठून तरी आणला असेल, मीच पीत असेन, मीच विसरत असेन? हे खरं निघालं असतं तर मी नवस फेडला असता. म्हणून एका दुपारी मी ठरवलं की बघायचंच.

नेर्मिन झोपली होती. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि घरात भरपूर उजेड होता. मी भरलेला ग्लास फळीवर ठेवला आणि कपाट फिरवायला लागले, पण पूर्ण नाही. अर्ध्यावर थांबवलं. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीला डोळा लावला. फटीतून पलीकडच्या खोलीचा एक उभा पट्टा दिसत होता. पाळण्याची कड. नेर्मिनचा पांघरुणाबाहेर आलेला हात. आणि अलीकडे, भिंतीच्या जाडीतल्या काळोखात, ग्लासाची झिजलेली कड चकाकली.

ती ओठाला लागलेली होती. खालचा ओठ, सुरकुतलेला, ओला. बाकी काही दिसलं नाही. तो ओठ पीत नव्हता. थांबला होता. शेजारच्या खोलीत गप्पा चालल्या असल्या की पाहुणा घोट तोंडाशी धरून कान देतो तसा थांबला होता, आणि वळलेला होता तो माझ्याकडे नाही, पाळण्याकडे.

मी कपाट सोडलं नाही. सोडलं असतं तर ते पलीकडे गेलं असतं. मी ते ओढून माझ्याकडे घेतलं. फळीवर ग्लास होता. रिकामा. चमचा उभा.

मी रडत रडत भरला.

७

चाळीस दिवस पुरे झाले. जावई इल्हान गाडी घेऊन आला. त्याने सामान भरलं, रिफ्कीने नजर लागू नये म्हणून दुरूच्या दुपट्याला निळा मणी टाचला. नेर्मिन मला सोडेना.

"चल ना आई. दोन महिने चल. मी कामावर जायला लागले की हिला कोण बघेल? खोलीला कुलूप लावून ठेव. मरू देत पाहुणे."

"नाही जमणार."

"का नाही जमणार? या दिवसांत कोण येतं इकडे? कारण तरी सांग."

काय सांगणार होते मी? मी इथून हलले तर इथला ग्लास कोण भरील, हे? "घर आहे, तुझे बाबा आहेत," मी म्हणाले.

"बाबा तर म्हणतात जा म्हणून." "दुरूला तू नीट मांडीवरसुद्धा घेतलं नाहीस. सगळा वेळ त्या चुलीशी. तुला आमच्यापेक्षा तुझे पाहुणे प्यारे."

हे ऐकून माझं काळीज तुटलं. पण तिला राग येऊ दे. रागाने का होईना, ती इथून दूर जाऊ दे. सकाळीच तो ग्लास आला होता आणि मी काठोकाठ भरून दिला होता. तो इथेच होता, माझ्याकडे. एवढं एकच मला हवं होतं.

नेर्मिनने दुरूला मागच्या सीटवर ठेवलं. मग ती गाडीचं दार उघडं धरून, जरा कडेला सरकून उभी राहिली. थंडी मी म्हणत होती, बाळ आत होतं, तरी तिने दार लावलं नाही. मला वाटलं, माझीच वाट बघतेय. आई ऐनवेळी विरघळेल आणि येऊन बसेल, म्हणून. मला भरून आलं. मी मान हलवून नाही म्हणाले. थोड्या वेळाने तिने दार हळूच लावलं आणि पुढे जाऊन बसली.

गाडी निघाली. मी तांब्याभर पाणी तिच्यामागे ओतलं. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे या. रिफ्की कोपऱ्यापर्यंत हात हलवत गेला. मी आत आले. सुटलो, असं कितीतरी दिवसांनी वाटलं. किटली चुलीवर ठेवली आणि कपाटासमोर स्टूल ओढून बसले. आता मी आणि तो. पिऊ दे किती चहा प्यायचाय तो.

टकटक झाली नाही. बराच वेळ वाट बघितली. मग मीच कपाट माझ्याकडे फिरवलं.

ग्लास फळीच्या मधोमध होता. तळाशी थेंबही उरला नव्हता. खाली बशी पुसून ठेवलेली, आणि ग्लासाच्या तोंडावर चमचा आडवा.

इतके दिवस मी हेच मागत होते. मी त्या चमच्याकडे बघत राहिले आणि मला आठवलं, की गाडीचं दार धरून उभी असताना नेर्मिन माझ्याकडे बघतच नव्हती.